मुलगी ‘पॉलिसी’ शिकायचं म्हणते, म्हणजे राजकारणात जाणार का?

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातला शेतकरी. थोरली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पास झाली की स्टाफ नर्सची परीक्षा देईल, सरकारी नोकरी लागेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आता ती म्हणते, मला आरोग्य धोरण शिकायचंय. त्यात निम्मं राजकारणच असतं, असं एकानं सांगितलं. आमच्या घरात राजकारणाचा नाद कुणालाच नाही. हे तिला झेपेल का? आणि त्यावर पोट भरेल का?

उत्तर : दादा, नमस्कार.

ज्यानं सांगितलं त्यानं खरं तेच सांगितलं. पण निवडणुकीचं तिकीट आणि नेत्याच्या गाडीमागं फिरणं डोळ्यांसमोर आणू नका. पैसा कुठं खर्च होणार, आधी कुणाला मिळणार, कुणाचं म्हणणं ऐकलं जाणार, हे जिथं ठरतं ते राजकारण मी म्हणतोय.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तुम्हाला आठवत असेल. माणसं दगावली. दवाखान्यातल्या लोकांनी रात्रीचा दिवस केला, पण रोगाचं मूळ पाण्यात होतं. पंचगंगेत शहराचं सांडपाणी येतं, काठच्या गावांचं येतं, कारखान्यांचं येतं. अडवायचं कुणी? महापालिका, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रत्येकाकडं थोडंथोडं काम, त्यामुळं प्रत्येकाला दुसऱ्याकडं बोट दाखवता येतं. पुढं इचलकरंजीला दूधगंगेतून पाणी आणायची सुळकूड योजना आली, तर दूधगंगाकाठचे शेतकरी विरोधात उभे राहिले. शेतीला पाणी कमी पडेल ही त्यांची भीती तुम्हाला शेतकरी म्हणून माझ्यापेक्षा जास्त कळेल. एकीकडं पिण्याचं चांगलं पाणी, दुसरीकडं उभं पीक. असा निवाडा वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. तो राजकारणातच होतो, बरा किंवा वाईट. तुमच्या लेकीला तो कसा होतो हे शिकायचंय, आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं.

राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, तरी पैसा आणि योजना दिल्लीतूनही येतात. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारी आरोग्य खर्च २०२५पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचा. तेवढा झाला नाही. धोरण कागदावर असतं, त्याला पैसे द्यायचे की नाहीत हे अर्थसंकल्पात ठरतं. आशाताईंचंच बघा. गावात घरोघर फिरणाऱ्या या बायांनी २०२३च्या अखेरीस संप केला, मुंबईला आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा कुठं २०२४मध्ये मानधनवाढीचा जीआर निघाला. माझ्या मते हा धडा कुठल्याही वर्गातल्या धड्याइतकाच मोलाचा आहे.

राजकारणातून चांगलं काही निघत नाही असं वाटत असेल, तर शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले वि. स. पागे आठवा, विधान परिषदेचे सभापती होते ते. रोजगार हमीची कल्पना त्यांनी रेटली, १९७२च्या दुष्काळात तिनं लाखो घरं तगवली, १९७७ला राज्यानं कायदा केला आणि २००५ला देशानं.

आता पोटापाण्याचं. नर्सिंग सोडायचं नाही, ते तिचं भांडवल आहे. वॉर्डात रात्रपाळी केलेली मुलगी धोरणाचा मसुदा वाचते, तेव्हा त्यात काय चालणार नाही ते तिला लगेच दिसतं. नुसतं पुस्तक वाचून आलेल्याला दिसत नाही. म्हणून मी म्हणेन, पास झाल्यावर दोनेक वर्षं नोकरी करू द्या. बी.एस्सी. नर्सिंगवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, होता येतं. नेमणूक उपकेंद्रावर असते आणि ती कंत्राटी असते, हे आधीच लक्षात घ्या. सपाट भागात साधारण पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र, असा निकष आहे. औषधं वेळेवर का येत नाहीत, अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणं वापरायला मिळणारा पैसा, कशावर खर्च होतो, ग्रामसभेत आरोग्याचा विषय शेवटी का येतो, हे सगळं तिथं समजेल.

त्यानंतर दोन वर्षांचं मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, दिल्लीचं जेएनयू, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर ही चांगली ठिकाणं. टाटा इन्स्टिट्यूटसाठी सीयूईटी पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पुढं राष्ट्रीय आरोग्य अभियान, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, संशोधन अशा वाटा आहेत. पगार सुरुवातीला स्टाफ नर्सच्या कायम नोकरीइतका पक्का नसतो, हे मी लपवत नाही. म्हणून स्टाफ नर्सची जाहिरात निघाली तर तिनं तोही फॉर्म भरावा. नोकरी लागली, तरी एमपीएचची वाट बंद होत नाही.

झेपेल का, असं तुम्ही विचारलंत. गणित आणि इंग्रजी वाचन तिला वाढवावं लागेल. रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि महिन्याला एखादा जीआर मुळातून वाचायची सवय आत्तापासूनच लावू दे. जीआर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मराठीत. पहिला वाचाल तेव्हा दोघं मिळून वाचा. अर्ध्या गोष्टी तुम्हीच तिला समजावून सांगाल.