'(१)' लागलेला फोल्डर डिलीट करायच्या आधी एवढं वाचा

भाऊ, अजून काही डिलीट केलं नसेल तर आधी थांबा, बाकी सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की नंदनवनच्या क्लासमधला लॅपटॉप आणि मानेवाड्याच्या घरचा पीसी, दोन्हीवर एकच गुगल ड्राइव्ह आहे, महिनाभरापूर्वी लॅपटॉप नवीन घेतला तेव्हा जुना डेटा पेनड्राइव्हवरून त्याच्यात टाकला, आणि तेव्हापासून 'अकरावी नोट्स' च्या बाजूला 'अकरावी नोट्स (१)' असा आणखी एक फोल्डर आलाय, टेस्ट पेपरच्या पण दोन-दोन फाइली झाल्यात, तर (१) वाला सरळ उडवू का, आणि हे सगळं आपोआप एकत्र करणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का. तर उडवू नका, आणि तसं विश्वास ठेवण्यासारखं एका क्लिकचं सॉफ्टवेअर मला तरी मिळालं नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण हातानेच करा.

हे एवढं ठासून सांगून राहिले कारण मी स्वतः तो (१) वाला उडवला होता. मी काटोल रोडवर एका संत्रा पॅकिंगवाल्यांकडे हिशोब बघते. आंबिया बहाराचा माल निघायच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे, रोजच्या वजनाच्या चिठ्ठ्या आठवड्याच्या फोल्डरमध्ये टाकायच्या आणि त्यावरून शेतकऱ्यांचे चुकारे काढायचे असं आमचं चालतं. एक दिवस ऑफिसचं नेट सकाळपासून बंद होतं, मी आपला पीसीवर नवीन आठवड्याचा फोल्डर बनवला आणि काम करत राहिले, आणि तिकडे नरखेडकडच्या बगीच्यावर गेलेल्या आमच्या पोऱ्याने लॅपटॉपवर त्याच नावाचा फोल्डर बनवून मोबाईलच्या नेटवरून त्याच्या चिठ्ठ्या चढवल्या. संध्याकाळी नेट आलं तर पीसीवर त्याच नावाचे दोन फोल्डर, एकाला (१) लागलेला. मी राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, एकात चाळीसेक फाइली आणि (१) वाल्यात चौदा, मला वाटलं हा अर्धवट कॉपी झालेला कचरा असेल, आणि टाकला डिलीट करून. वीसेक दिवसांनी एक म्हातारे शेतकरी चुकारा मागायला आले, त्यांची चिठ्ठी आमच्याकडे नाहीच. त्यांच्या हातात कागद होता, आमच्या कॉम्प्युटरवर काही नाही, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे, तो दिवस मी विसरू शकत नाही. शेवटी ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून ट्रॅशमध्ये शोधलं तेव्हा तो फोल्डर सापडला, नऊ शेतकऱ्यांचा माल होता त्यात. गुगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसच ठेवतो, त्यानंतर कायमचं जातं. ते बाबा पंधरा दिवस उशिरा आले असते तर ते कागद आमच्याकडून गेलेच होते.

म्हणून तो (१) वाला फोल्डर कचरा नाही हे आधी पक्कं धरा. दोन ठिकाणी वेगवेगळं काम झालं, कोणाचं ठेवायचं हे सिंकवाल्याला, म्हणजे सगळ्या मशीनवरच्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या ड्राइव्हला, ठरवता आलं नाही, म्हणून त्याने दोन्ही ठेवलं, त्याचा अर्थ एवढाच. आणि खरं तर बरोबरच केलं, एकाचं फेकून दिलं असतं तर आपल्याला कळलंही नसतं.

आता गुगल ड्राइव्हमध्ये हे काहून होतं ते बघा. आपल्या विंडोजमध्ये एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहूच शकत नाहीत, पण ड्राइव्हमध्ये खुशाल राहतात, कारण तिथे फोल्डरची ओळख नावावरून नसते, प्रत्येकाला आतून वेगळा आयडी असतो, नाव म्हणजे फक्त वर चिकटवलेली चिठ्ठी. मग असे दोन फोल्डर कॉम्प्युटरवर उतरतात तेव्हा विंडोज दोन्ही एकाच नावाने ठेवू शकत नाही म्हणून एकाला (१) लागतो. तुमच्या बाबतीत बहुतेक पेनड्राइव्हवरून टाकलेला डेटा ड्राइव्हला 'नवीन' वाटला आणि त्याने तो पुन्हा वर चढवला, आधीचा तिथे होताच. लॅपटॉप बदलताना ही चूक बरेच लोक करतात. नवीन मशीनवर नुसतं लॉगिन करायचं आणि त्याचं त्याला खाली उतरू द्यायचं, जुना फोल्डर हाताने आत टाकायचाच नाही.

दुसऱ्या सेवांची खूण वेगवेगळी असते, ज्यांना हेच उत्तर शोधताना सापडेल त्यांच्यासाठी सांगते. ड्रॉपबॉक्स फाइलच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहून बऱ्याचदा कोणाच्या मशीनवरून आणि कोणत्या तारखेला तेही टाकतो, वनड्राइव्ह फाइलच्या नावामागे कॉम्प्युटरचं नाव जोडतो, आणि आयक्लाउडमध्ये बऱ्याचदा नावापुढे नुसता २ येतो. कुठली कॉपी कुठून आली हे त्या नावावरूनच कळतं, म्हणून तपासून होईपर्यंत नाव बदलू नका.

काम करायचं ते असं. आधी घरच्या पीसीवर ड्राइव्हचं सिंक पॉज करा आणि त्याला हात लावू नका, सगळं लॅपटॉपवरच करू. लॅपटॉपवर बघा की फाइली खरंच डिस्कवर आहेत का, कारण ड्राइव्हमध्ये स्ट्रीम आणि मिरर असे दोन प्रकार असतात आणि मिरर असेल तर फाइल डिस्कवरच असते, स्ट्रीम असेल तर नाव दिसतं पण फाइल वरच, म्हणजे गुगलकडेच असते. स्ट्रीम असेल तर दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून ऑफलाइन उपलब्ध करा, पूर्ण उतरू द्या, मग तिथलंही सिंक पॉज करा. मग दोन्ही फोल्डर एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, ड्राइव्हच्या फोल्डरमध्येच दुसरीकडे नाही, पार बाहेर. सिंक म्हणजे बॅकअप नाही भाऊ, इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं.

एक गोष्ट इथे बरेच जण विसरतात. तुमच्या नोट्स गुगल डॉक्स किंवा शीट्समध्ये लिहिलेल्या असतील तर कॉम्प्युटरवर दिसते ती फाइल नाहीच, ती नुसती लिंक आहे, एवढीशी. ती हार्डडिस्कवर कॉपी केली म्हणजे नोट्सची कॉपी झाली असं समजू नका. त्या फाइली ब्राउझरमधून डाउनलोड करा, मग त्या वर्ड-एक्सेल बनून येतात.

मग ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून दोन्ही फोल्डर तिथेही दिसतात का ते बघा. तिथे एकच असेल आणि फक्त लॅपटॉपवर दोन असतील तर प्रश्न लहान आहे. तिथेही दोन असतील तर पुढची गोष्ट फार महत्त्वाची, शेअर कोणता केलेला आहे ते बघा. तुम्ही पोरांना व्हॉट्सअॅपवर जी लिंक दिली असेल ती त्या आयडीची आहे, नावाची नाही. शेअर केलेला फोल्डर उडवून (१) वाल्याला जुनं नाव दिलं तर दिसायला सगळं ठीक दिसेल, पण पोरांची लिंक मेली. म्हणून ज्याची लिंक बाहेर गेलीय तोच मुख्य धरायचा, त्यात फाइली कमी असल्या तरी, आणि दुसऱ्यातलं काम त्याच्यात आणायचं.

आता तुलना. विंडोजवर विनमर्ज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन फोल्डर समोरासमोर उघडता येतात, कोणती फाइल फक्त डावीकडे आहे, कोणती फक्त उजवीकडे, कोणती दोन्हीकडे आहे पण आतून वेगळी, सगळं दाखवतं. उघडा हार्डडिस्कवरच्या कॉपीच, मूळ नाही. आणि तारखेवर भरवसा ठेवू नका, पेनड्राइव्हवरून कॉपी करताना, झिप उघडताना तारखा बदलू शकतात, लॅपटॉपचं घड्याळ चुकलेलं असेल तर अजूनच घोळ, फाइलच्या आतल्या मजकुरावरूनच तुलना लावा. ज्या फाइली हुबेहूब सारख्या आहेत त्यांचा विषय संपला. ज्या फक्त एकाच बाजूला आहेत त्या मुख्य फोल्डरमध्ये टाका. उरतात त्या दोन्हीकडे असलेल्या पण वेगळ्या फाइली, खरं काम तेवढंच असतं, आमच्याकडे सगळं मिळून अशा सहा निघाल्या होत्या. वर्डच्या असतील तर वर्डमध्येच रिव्ह्यू टॅबमध्ये कम्पेअर आहे, दोन फाइली द्या, फरक रंगवून दाखवतो. एक्सेलला मी तरी दोन्ही बाजूबाजूला उघडून ओळ-ओळ बघते, कंटाळवाणं आहे पण पैशांचं आणि मार्कांचं काम असेल तर असंच करावं. डुप्लिकेट फाइली शोधून आपोआप उडवणारी जी सॉफ्टवेअरं असतात ती सिंकच्या फोल्डरवर अजिबात चालवू नका, ती फक्त सारख्या फाइली शोधतात, तुमची अडचण सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या फाइलींची आहे, आणि त्यांनी एक चुकीची फाइल उडवली की ती दोन्ही मशीनवरून जाते.

झालं की मुख्य फोल्डरवर सिंक सुरू करा, आधी लॅपटॉप, तो पूर्ण झाल्यावर पीसी. दुसरा फोल्डर लगेच उडवू नका, सिंकच्या बाहेर हलवून ठेवा आणि मुख्य फोल्डरवर एक पूर्ण परीक्षा नीट पार पडू द्या.

आता एक खास आपल्या मराठीची भानगड, ती इंग्रजीत लिहिलेल्या मदतीत मला कुठे सापडली नाही, आणि तिच्यात माझे दोन दिवस गेले. आमच्याकडे 'शेतकऱ्यांची यादी' असे दोन फोल्डर होते, (१) नाही, काही नाही, अक्षर न् अक्षर सारखं, विंडोजवर एकाच जागी. आता वर सांगितलं की विंडोजमध्ये एका नावाचे दोन राहूच शकत नाहीत, मग हे कसे राहिले? तर ते नाव एक नव्हतंच. आपला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, एक म्हणजे नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग या, आणि दुसरा म्हणजे साधा र, हलंत, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग या. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. मोबाईलचा कीबोर्ड एक पाठवतो, पीसीवरचा दुसरा पाठवतो, आणि एकाच यादीचे दोन फोल्डर होतात, एकात मोबाईलवरचे फोटो जातात आणि दुसऱ्यात पीसीवरच्या फाइली. तुमच्याकडे 'दुसऱ्या सत्राचे पेपर' असलं काही नाव असेल तर नक्की तपासा. सोपी खूण ही की विंडोजमध्ये एकाच जागी हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या नावाचे दोन फोल्डर असतील तर समजा की नावं आतून वेगळी आहेत, पण एकाचं नाव दुसऱ्याला रिनेममध्ये पेस्ट करून बघू नका, विंडोज दोन्ही फोल्डर एकत्र करून टाकू शकतं. तसंच नावाच्या आत चुकून पडलेली जादा स्पेस पण असेच खेळ करते. मला मराठी नावं सोडायची नाहीत, माझं सगळं ऑफिस मराठीत आहे, म्हणून आम्ही एवढंच केलं की नवीन फोल्डर एकाच माणसाने, ब्राउझरमधून बनवायचा, आणि नावात 'ऱ्य' येत असेल तर शब्दच बदलायचा, 'शेतकरी यादी' लिहिलं की भांडण मिटलं.

पुढे परत होऊ नये म्हणून दोनच सवयी मला खऱ्या कामाच्या वाटतात. क्लास सुटला की लॅपटॉप पटकन बंद करून निघू नका, ड्राइव्हच्या आयकॉनवर क्लिक करून सगळं वर गेलंय का ते बघा, दोन मिनिटं लागतात, कारण अर्धवट राहिलेली फाइल घरी पीसीवर जुनीच दिसते, तुम्ही तिच्यात लिहिता आणि सकाळी दोन तयार. आणि एकाच फोल्डरवर दोन सेवा लावू नका. नवीन विंडोज लॅपटॉपमध्ये वनड्राइव्ह बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेऊन बसलेला असतो, त्याच डॉक्युमेंट्सवर तुम्ही गुगल ड्राइव्हही लावला असेल तर एक बदलतो आणि दुसरा त्याला नवीन समजतो. फीचा हिशोब टॅलीत असेल तर टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवून चालवू नका, त्यात बऱ्याच फाइली एकमेकींवर अवलंबून असतात, एक जुनी एक नवी झाली की उघडतच नाही, टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती फाइल ड्राइव्हवर टाका.

जर कोणी आधीच काही डिलीट करून बसलं असेल तर ब्राउझरमध्ये ट्रॅश आजच बघा. फाइल आहे पण मजकूर जुना झाला असेल तर वर्ड, एक्सेल, पीडीएफसारख्या चढवलेल्या फाइलींच्या आधीच्या आवृत्त्याही ड्राइव्ह ३० दिवस ठेवतो, तिथेही शोधा.

भाऊ, तुम्ही आता फक्त एवढं करा, ब्राउझरमध्ये उघडून बघा की दोन्ही 'अकरावी नोट्स' तिथे दिसतात का आणि पोरांना दिलेली लिंक त्यातल्या कोणत्या फोल्डरवर जाते, आणि इथेच खाली लिहा. पेपर तोंडावर असतील तर आधी ज्या टेस्टची फाइल उद्या लागणार आहे तेवढीच दोन्हीकडून काढून बाजूला ठेवा, बाकीचं रविवारी बसून करता येईल.