प्रोटोकॉलमधले औषधाचे पान

रत्नागिरी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कर्करोगाच्या औषध-चाचणीच्या प्रोटोकॉलचा, म्हणजे चाचणी कशी करायची त्या लेखी आराखड्याचा, तुझा मसुदा दोनदा वाचला. रुग्णनिवडीचे निकष तू फार विचारपूर्वक लिहिले आहेस. औषधाचा भाग मात्र अर्ध्या पानात उरकला आहेस, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

‘औषध योग्य द्रावणात मिसळावे’ हे वाक्य आधी काढून टाक. ऑक्झॅलिप्लॅटिन हे कर्करोगाचे औषध सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या द्रावणात, घातले तर त्यातल्या क्लोराइडमुळे त्याचे विघटन होते, म्हणून तिथे 5 टक्के डेक्स्ट्रोजच, म्हणजे साखरेचे द्रावणच, हवे. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाच्या साध्या प्रकाराला पीव्हीसी प्लॅस्टिकची पिशवी आणि नळी चालत नाही, शिवाय नळीवर 0.22 मायक्रॉनची गाळणी लागते. हे औषध तयार करणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडायचे नसते. मात्रा कोणत्या दिवसाच्या वजनावरून काढायची, वजन किती बदलले म्हणजे ती पुन्हा काढायची, आणि मिसळलेले औषध किती तासांत रुग्णाच्या शिरेत संपले पाहिजे, हेही लिही. प्रोटोकॉलमध्ये काय काय लिहावे हे सांगणाऱ्या 2013 च्या ‘स्पिरिट’ मार्गदर्शिकेच्या 33 कलमांत उपचाराचे वर्णन दुसऱ्याला तसेच करता येईल इतक्या तपशिलाने मागितले आहे, ते याचसाठी.

एका जुलैत आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती. सकाळी फ्रिजच्या तापमापकावर 11 अंश होते. प्रोटोकॉलमध्ये ‘2 ते 8 अंश’ एवढेच लिहिलेले. तापमान चढले तर कुप्यांचे काय करायचे आणि विचारायचे कोणाला, याबद्दल अवाक्षर नव्हते. मी कुप्या वेगळ्या ठेवून कळवले, उत्तर तिसऱ्या दिवशी आले. राजापूरहून पहाटेच्या एसटीने आलेल्या मावशी दुपारपर्यंत औषधालयाच्या खिडकीशी ओली छत्री घेऊन बसल्या आणि औषध न घेताच परत गेल्या. त्या दिवसाचे मला अजून वाईट वाटते.

घरी न्यायच्या कॅप्सूलबद्दल ‘थंड व कोरड्या जागी’ असे लिहू नकोस. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. अशी जागा रुग्णाने शोधायची कुठे? किती अंशांपर्यंत चालेल, मूळ बाटलीतच ठेवायच्या का, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, हे त्यांच्या मराठी सूचनापत्रात स्पष्ट येऊ दे.

मसुदा नीतिसमितीकडे जाण्याआधी तुमच्या फार्मासिस्टला वाचायला दे. तो जिथे अडेल तिथे तोंडी उत्तर देऊ नकोस, मसुद्यातच लिही, आणि मग मला पाठव.

तुझा,
सर