ओळी डिलीट केल्या, तरी पोस्टग्रेस डेटाबेसचा आकार का कमी होत नाही?

तुम्ही विचारलंय की, स्कॅन केलेल्या कागदपत्रांच्या टेबलमधल्या जुन्या ओळी काढून टाकल्या, व्हॅक्यूमही (डिलीट झालेल्या ओळींची जागा मोकळी करणारी पोस्टग्रेसची कमांड) चालवला, तरी डिस्कवरची जागा होती तेवढीच भरलेली आहे. फाइल्स 'लार्ज ऑब्जेक्ट' म्हणून ठेवल्यात असंही तुम्ही लिहिलंय. गोम तिथेच आहे.

तुमच्या टेबलमध्ये फाइल नाहीच. तिथे फक्त एक आकडा आहे, ओआयडी, म्हणजे त्या फाइलचा ओळख क्रमांक. खरी फाइल पीजी_लार्जऑब्जेक्ट या सिस्टिम टेबलमध्ये 2 किलोबाइटचे तुकडे करून ठेवलेली असते. 10 एमबीचं एक स्कॅन म्हणजे तिथे 5,120 ओळी. तुम्ही तुमची ओळ डिलीट केलीत की आकडा जातो, तुकडे तसेच राहतात. त्या आकड्याचा आणि तुकड्यांचा काही संबंध आहे हे पोस्टग्रेसला माहीतच नसतं. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूमही त्यांना हात लावत नाही, कारण त्या ओळी कुणी डिलीट केलेल्याच नाहीत. एलओ_अनलिंक हे फंक्शन चालवल्याशिवाय ऑब्जेक्ट जात नाही.

आधी पीजी_लार्जऑब्जेक्टचा एकूण आकार बघा, म्हणजे किती जागा अडकली आहे त्याचा अंदाज येईल. मग पोस्टग्रेससोबतच मिळणारं व्हॅक्यूमएलओ हे टूल वापरा. ज्या ऑब्जेक्टचा ओआयडी कुठल्याच टेबलमध्ये सापडत नाही, ते ऑब्जेक्ट हे टूल काढून टाकतं.

पण थांबा, लगेच चालवू नका. हे टूल फक्त 'ओआयडी' किंवा 'एलओ' टाइपचे कॉलम तपासतं. आकडा बिगइंट (मोठी पूर्णांक संख्या) किंवा टेक्स्ट कॉलममध्ये ठेवला असेल, तर त्याच्या दृष्टीने ते ऑब्जेक्ट बेवारस! मी यात पोळलोय. आमच्या जावा अॅप्लिकेशनमध्ये लांबलचक शेरे लिहायचा एक कॉलम होता, टाइप टेक्स्ट. आम्ही समजत होतो की शेरे तिथेच आहेत. प्रत्यक्षात ओआरएमने (अॅप्लिकेशन आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीने) मजकूर लार्ज ऑब्जेक्टमध्ये टाकून कॉलममध्ये '48213' असे नुसते आकडे ठेवले होते. व्हॅक्यूमएलओ चालवलं आणि चालू नोंदींचे शेरे गेले. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून ते परत मिळाले, पण त्या दिवशी लिहिलेले शेरे कायमचे गेले. म्हणून सांगतो, आधी प्रत्येक संशयित कॉलम उघडून डोळ्यांनी बघा, लागेल तिथे त्याचा टाइप बदलून ओआयडी करा, पूर्ण बॅकअप घ्या आणि टूल पहिल्यांदा ड्राय रनमध्येच, म्हणजे काहीही न काढता, चालवा. किती ऑब्जेक्ट काढले जातील ते त्यात कळतं. तो आकडा तुमच्या अंदाजापेक्षा खूप मोठा आला तर पुढे जाऊ नका.

बॅकअपवरून आठवलं: पीजी_डंप या बॅकअप टूलला एकाच टेबलचं नाव देऊन डंप घेतला, तर लार्ज ऑब्जेक्ट आपोआप त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो.

सफाई झाल्यावरही डिस्कवर लगेच फरक दिसेलच असं नाही. साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा नवीन फाइल्ससाठी वापरता येते, इतकंच. ऑपरेटिंग सिस्टिमला ती परत हवी असेल तर पीजी_लार्जऑब्जेक्टवर व्हॅक्यूम फुल, म्हणजे टेबलची नवी, आटोपशीर प्रत बनवणारा व्हॅक्यूम, चालवावा लागेल. तो चालू असेपर्यंत टेबल पूर्ण लॉक असतं आणि नवी प्रत बनवायला तेवढी मोकळी जागाही लागते. डिस्क आधीच भरत आली असेल तर हे नीट मोजून करा.

पुढे हे साचू नये म्हणून 'एलओ' एक्स्टेन्शनमधला (पोस्टग्रेसच्या जोड-भागातला) एलओ_मॅनेज ट्रिगर, म्हणजे ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड, टेबलवर लावा. ओळ डिलीट झाली किंवा तिच्यातला ओआयडी बदलला की तो जुना ऑब्जेक्ट काढून टाकतो. ट्रंकेट (टेबल एकदम रिकामं करणं) किंवा ड्रॉप टेबलच्या (टेबलच काढून टाकण्याच्या) वेळी मात्र तो चालत नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल, तर काही एमबीच्या स्कॅनसाठी लार्ज ऑब्जेक्ट वापरूच नका. बाइटए कॉलम घ्या, त्यात फाइल थेट टेबलच्या ओळीतच राहते. त्यात एका व्हॅल्यूला 1 जीबीची मर्यादा आहे, पण ओळ डिलीट केली की फाइलही तिच्यासोबत जाते, वेगळी सफाई करावी लागत नाही. लार्ज ऑब्जेक्ट खरे उपयोगी पडतात ते फाइल प्रचंड मोठी असेल आणि तिच्या मधलाच तुकडा वाचायचा किंवा बदलायचा असेल तेव्हा. तुमच्या स्कॅनमध्ये असं काही करायची वेळ येते का? येत नसेल, तर व्हॅक्यूम फुलच्या आधी फाइल्स बाइटएमध्ये हलवा, म्हणजे ते लॉक एकदाच सोसावं लागेल.