सतत ताणात असलं की मी लगेच आजारी पडतो. मेंदूतल्या हार्मोन्सचा रोगप्रतिकारशक्तीवर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो, मुख्य वाट हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाचा एक भाग), त्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी अशी जाते. ताण आला की हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यामुळे पिट्युटरीतून एसीटीएच हे दुसरं हार्मोन रक्तात येतं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन बनवतात. हे कॉर्टिसॉल पांढऱ्या पेशींच्या आत शिरून दाह वाढवणाऱ्या सायटोकाइन्सची (पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांची) निर्मिती रोखतं. आमवातात कॉर्टिझोन हे कॉर्टिसॉलचंच भावंड उपयोगी पडतं ते याच गुणामुळे. अ‍ॅड्रिनलच्या या हार्मोन्सवरच्या कामाला १९५० चं नोबेल मिळालं. मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो उलट निरोपाचा: संसर्ग झाल्यावर पेशींनी सोडलेलं इंटरल्यूकिन-१ हे सायटोकाइन मेंदूपर्यंत खबर पोचवतं, ताप आणतं आणि हीच साखळी सुरू करून दाहाला लगामही घालतं. पिट्युटरीचं प्रोलॅक्टिन हे हार्मोन मात्र बहुधा प्रतिकाराला चालना देतं.

पण ताण म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, इतकं ते सरळ नाही. काही मिनिटांच्या ताणात रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशी (विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) उलट वाढतात. महिनोन्‌महिने चाललेला ताण खरा त्रास देतो. वारंवार आजारी पडत असाल तर फक्त ताणाला दोष देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.