हा शुक्रवार कोणाचा?

प्रश्न : माझी मुलगी यंदा ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला आहे. गणित, इकॉनॉमिक्स आणि भूगोल. आम्ही सगळे तिच्या युनिव्हर्सिटीच्या तयारीत, आणि परवा जेवताना ती म्हणाली, ‘मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची डिग्री अप्रेंटिसशिप करणार.’ चार वर्षं कंपनीत नोकरी करायची आणि त्यातच डिग्री. तेव्हापासून तिचे बाबा गप्प आहेत. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘म्हणजे पोरगी शिक्षण सोडून कामाला लागणार?’ मला उत्तर सुचलं नाही. ही खरी डिग्री असते का? पुढे कुठे अडणार तर नाही ना? तिच्यात तो गुण आहे हे मात्र कबूल करते. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात गेली दोन वर्षं जेवणाच्या कुपनांपासून हॉलच्या किल्लीपर्यंत सगळा हिशोब तिच्या वहीत असतो.
— एक आई, हॅरो

उत्तर : आधी सासूबाईंचं बघू. त्यांच्याशी बोलताना ‘अप्रेंटिसशिप’ म्हणू नका, ‘उमेदवारी’ म्हणा. त्यांच्या पिढीला हा शब्द नीट कळतो. माझे वडील आयटीआय करून एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, तेव्हा ‘पोरगं शिक्षण सोडून गेलं’ असं घरात कोणी म्हटलं नाही. उलट आजीनं पेढे वाटले. वडिलांना शेवटी प्रमाणपत्र मिळालं, तुमच्या मुलीला बीएस्सी ऑनर्स मिळेल. पदवी विद्यापीठच देतं. इंग्लंडमध्ये ही सोय २०१५ पासून आहे.

फी तिला भरावी लागत नाही. बाकीची मुलं २०२५-२६ च्या दरानं वर्षाला ९,५३५ पाउंड फी कर्जानं भरतात आणि वर्षाचा पगार पंचवीस हजारांच्या वर गेला की वरच्या रकमेचे नऊ टक्के कापून देत राहतात, चाळीस वर्षांपर्यंत. हिला ते नाही, वर पगार. पण म्हणून कंपनी उपकार करते असं समजू नका. वर्षाला तीस लाख पाउंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांना एप्रिल २०१७ पासून अर्धा टक्का अप्रेंटिसशिपसाठी वेगळा भरावाच लागतो. भरलेला पैसा कोणावर तरी खर्च करायचा, तर तुमच्या मुलीवर का नको?

आता न आवडणारं. तिला हॉस्टेल नाही, मे महिन्यात संपणारं वर्ष नाही. सुट्टी नोकरदाराचीच, म्हणजे गणपतीला पुण्याला महिनाभर जाणं विसरा. बरोबरच्या मैत्रिणी लीड्स-ब्रिस्टलला रात्री बारापर्यंत गप्पा मारत असतील आणि हिला सकाळी साडेआठला बैठकीत बसायचं असेल. पहिल्या हिवाळ्यात ती एकदा तरी रडेल. माझ्या हाताखाली आलेल्या चार मुलांपैकी तीन रडली. चौथा रडला असेल तर मला कळू दिलं नाही.

तुम्ही ‘खरी डिग्री का’ असं विचारलंत. मला विचाराल तर मोठा प्रश्न तो नाहीच. आठवड्यातला अभ्यासाचा दिवस तिला खरोखर मिळणार का, हे बघा. माझीच चूक सांगते म्हणजे कळेल.

मी रेल्वे सिग्नलच्या कामांवर आहे. रूळ शनिवार-रविवारी आमच्या ताब्यात येतात, त्याला आम्ही पझेशन म्हणतो. शुक्रवारी रात्री शेवटची गाडी गेली की काम सुरू, आणि सोमवारी पहाटे पहिली गाडी सुटलीच पाहिजे. बावन्न तास. काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा अप्रेंटिस म्हणून आला आणि त्याचा अभ्यासाचा दिवस ठरला शुक्रवार. कोणी ठरवला देव जाणे, आमच्याकडे शुक्रवारइतका वाईट वार नाही. ‘आजचा दिवस थांब, पुढच्या आठवड्यात घे,’ असं म्हणत मी त्याचे सलग पाच शुक्रवार खाल्ले. तो बिचारा ‘हो’ म्हणायचा. दर तीन महिन्यांनी विद्यापीठाच्या शिक्षिका, मुलगा आणि मी अशी तिघांची बैठक असते. त्यात बाईंनी त्याची तासांची नोंद उघडली आणि शांतपणे मला विचारलं, ‘हा शुक्रवार कोणाचा?’ अभ्यास पगारी तासांतच झाला पाहिजे, घरी रात्री जागून नव्हे, असा नियम आहे. मला तो माहीत होता. मान खाली घालून मी दिवस बदलला, मंगळवार केला.

मंगळवारचा काय फायदा झाला तेही ऐका. एका पझेशनसाठी केबलचं ड्रम गुरुवारी साइटवर हवं होतं. मुलानं पुरवठादाराला फोन केला, तो म्हणाला ‘बुधवारी’. यानं तक्त्यात ‘बुधवार’ लिहिलं. ते बुधवारी निघणार होतं. निघणं वेगळं, पोचणं वेगळं! ड्रम आलं शुक्रवारी संध्याकाळी सहाला, काम सुरू व्हायच्या जेमतेम चार तास आधी. पोराचं तोंड पांढरंफटक. पुढच्या मंगळवारी वर्गात क्रिटिकल पाथ शिकवत होते, म्हणजे कोणतं काम एक दिवस लांबलं तर सगळंच एक दिवस लांबतं. यानं पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवून फळ्यावर आमचं ड्रम काढलं. बुधवारी येऊन त्यानं मलाच विचारलं, की तक्त्यात ‘निघण्याची तारीख’ असा वेगळा रकाना का नाही? तो रकाना आजही आहे. शेवटच्या परीक्षेसाठी कामाचे पुरावे जमवून पोर्टफोलिओ करायचा असतो. त्याच्या पोर्टफोलिओतली सगळ्यात चांगली तीन पानं त्या ड्रमची होती.

म्हणून मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणाले की तिनं लाजू नये. अभ्यासाचा वार कोणता? मागच्या अप्रेंटिसला तो दर आठवड्याला मिळाला का? त्या मुलाशी पाच मिनिटं बोलता येईल का? आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष काय काम देणार? कारण काही ठिकाणी चार वर्षं बैठकांची टिपणं काढायला लावतात आणि त्यालाच प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात. विद्यापीठाचं नाव मी सगळ्यात शेवटी बघेन. तिच्या वरचा माणूस कसा आहे ते आधी.

आपल्या मुलांना एक गोष्ट जड जाते, ती पहिल्याच आठवड्यात समोर येते. पंचावन्न वर्षांच्या इंजिनिअरला अठरा वर्षांच्या पोरीनं विचारायचं असतं, ‘शुक्रवारपर्यंत देतो म्हणालात, दिलं नाहीत, आता कधी?’ घरी आपण शिकवलेलं असतं, काकांना उलटून विचारू नये. हाताखाली कोणी नाही, हुकूम चालत नाही, तरी काम करवून घ्यायचं. पण मंडळाच्या केटररला तिनं फोन केलेच असतील ना? तीच वही मुलाखतीला न्यायला सांगा. जेवायला किती पानं बसली, ऐनवेळी कोण आलं नाही, मग तिनं काय केलं, एवढं सांगितलं तरी समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकेल.

अडण्याचं म्हणाल तर, चार वर्षांनी त्याच कंपनीत नोकरी मिळेलच अशी हमी कोणी देत नाही. मध्येच कंपनीनं माणसं कमी केली तर दुसरी कंपनी शोधायला बारा आठवडे शिक्षण चालू ठेवता येतं, पण ती धाकधूक असतेच. बाकी हा धंदा रेल्वेत शिकून इस्पितळात चालतो आणि तिथून बँकेत. असोसिएशन फॉर प्रोजेक्ट मॅनेजमेंटला २०१७ मध्ये रॉयल चार्टर मिळाला, त्यानंतर अनुभव दाखवून चार्टर्ड होण्याची वाटही खुली झाली, सीएंसारखी.

अर्ज युनिव्हर्सिटीला नव्हे, थेट कंपनीला करायचा असतो, सरकारच्या अप्रेंटिसशिपच्या संकेतस्थळावरून किंवा कंपनीच्या. जागा थोड्या, अर्ज भरपूर. म्हणून यूकासचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचा नेहमीचा अर्जही तिनं भरून ठेवावा. दोन्ही एकत्र चालतं. बाबांना एवढं सांगा, ते बोलायला लागतील.

प्रश्न : मी ३४ वर्षांची. पुण्यात बीकॉम, नंतर सहा वर्षं बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये. आता अडीच वर्षं डिपेंडंट व्हिसावर मिल्टन कीन्समध्ये आहे. मला हे करता येईल का, की हे फक्त पोरांचं?
— अ. द.

उत्तर : वयाची वरची अट नाही. आधीची पदवी असली तरी चालतं, नवीन काम तुम्हाला खरोखर नवं असलं पाहिजे. पण सरकारी पैशांसाठी उमेदवारी सुरू होण्याआधी इथे तीन वर्षं राहिलेलं लागतं, म्हणजे तुम्हाला सहा महिने थांबायचंय. व्हिसाची मुदतही पुरायला हवी, कंपनी आधी तेच विचारेल. आणि तुम्ही चार वर्षांची डिग्री नका करू. असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजर नावाची चौथ्या लेव्हलची, म्हणजे पदवीच्या खालच्या पातळीची उमेदवारी साधारण दोन वर्षांत होते. बँकेतली सहा वर्षं बायोडेटात वर ठेवा, खाली नव्हे. महिनाअखेरीला हिशोब जुळवताना किती लोकांच्या मागे लागायचात ते लिहा. हे सहा महिने एखाद्या स्थानिक संस्थेचा छोटा कार्यक्रम अंगावर घ्या, अगदी शाळेचा समर फेअर असला तरी, आणि त्याचा तक्ता जपून ठेवा. त्यात निघण्याची तारीख आणि पोचण्याची तारीख वेगळी लिहा.