इंदूर-मुंबई विमान जमिनीवरच का थांबवून ठेवतात? याचं सिम्युलेशन घरी करता येईल का?

इंदूरला ऊन, मुंबईतही पाऊस नाही, मग दारं लावलेलं विमान अर्धा-पाऊण तास उभं का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या मुलांकडून याचंच सिम्युलेशन करून घेतो, म्हणून लिहितो.

बहुतेक वेळा अडतं ते मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. हिशेबासाठी उड्डाणं आणि उतरणं धरून तासाला 46 विमानं समजू. म्हणजे उतरायला 23 धरा. आता समजा, तीन तास सलग 28-28 विमानं आली. दर तासाला पाच उरतात, तीन तासांत 15 तुंबतात आणि शेवटच्याला जवळजवळ 40 मिनिटं थांबावं लागतं. हा वेळ आकाशात घिरट्या घालून काढायचा तर एअरबस ए320सारखं मध्यम प्रवासी विमान तासाला दोनेक टन इंधन जाळतं. म्हणून दिल्लीतलं प्रवाह व्यवस्थापन केंद्र आधीच हिशेब करून सुटायची वेळ बांधून देतं. यात झळ बसते ती आपल्यासारख्या जवळच्या गावांना. लंडनहून निघालेलं विमान हवेत असतं, त्याला थोपवणार कसं? आपलं अजून जमिनीवरच असतं. प्रवाशांना ही बांधून दिलेली वेळ स्पष्ट सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सिम्युलेशनची साधी रांग पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एका संध्याकाळी लिहून होते. कस लागतो तो पुढे. विमानं ठरल्या मिनिटाला सुटत नाहीत. प्रत्येकाच्या वेळेत थोडं मागेपुढे करून तेच शंभरदा चालवा. बरोबर 23च बोलावली तर कुणी उशिरा आल्यावर धावपट्टी रिकामी राहते, 25 बोलावली तर आकाशात गर्दी होते. हा तोल कुठे धरायचा, तीच खरी डोकेदुखी.

आणि नुसती विमानं मोजून भागत नाही. एकाच उंचीवर एकामागून एक जाणारी दहा विमानं सांभाळणं कंट्रोलरला (जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्याला) सोपं. पण सातच असली आणि त्यातली चार खाली उतरतायत, दोन वर चढतायत, एक आडवं जातंय आणि पावसाळी ढग टाळायला त्यांतलेच तिघे वाट बदलून मागतायत, तर ती सातसुद्धा जड जातात. म्हणून तुमच्या प्रोग्रामात आकड्यासोबत उंची बदलणारी आणि एकमेकांची वाट कापणारी विमानं वेगळी मोजा. नकाशावर विमानं हलताना बघायची असतील तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचं ब्लूस्काय हे हवाई वाहतुकीचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण आधी रांगेचा हिशेब नीट बसवा.