पावसाळी हवेत फोमबोर्डचे विमान कसे टिकवावे?

प्रश्न : दोन्ही बाजूंना कागद असलेल्या ५ मिलिमीटर जाडीच्या फोमबोर्डपासून मी रेडिओनियंत्रित विमान तयार केले. जुलैमध्ये ते ओल्या गवतावर उतरवले, तेव्हा पंखाखालचा कागद फुगून सुटला. पुढे स्प्रेचा रंग मारला, तर कडेचा फोमच विरघळला. नव्या विमानाला कोणते वॉर्निश व कोणता रंग वापरावा? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ कापलेल्या कडेत आहे. पॉलिस्टायरीनचा फोम पाणी फारसे शोषत नाही. शोषतो तो कागद, आणि त्याला ओल मिळते ती मुख्यतः उघड्या कडेतून. ॲसिटोन किंवा टोल्युइन असलेल्या स्प्रेपासून कागदाआडचा फोम बराचसा वाचतो, पण कड उघडी असल्याने तिथे खड्डे पडतात. म्हणून रंगाचा विचार करण्याआधी सर्व कडांना ॲक्रिलिक लांबी अगदी पातळ भरावी आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावी. साधा फेव्हिकॉल ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे कडेसाठी केवळ त्याच्यावर विसंबू नये.

त्यानंतर पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात भरपूर दिल्यास कागदावर फोड येतात. स्पंजने पुसल्यासारखा तो द्यावा आणि पंखाच्या दोन्ही बाजूंना द्यावा, कारण एकच बाजू ओली झाली तर पंख वाकतो. पूर्ण वाळल्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा : तो गोल उभा राहिला तर काम झाले, खाली गडद डाग पसरला तर आणखी एक हात हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम उघड्या गच्चीवर न करता पंख्याखाली, खोलीतच करावे. गरम गोंदाचे सांधे मात्र वॉर्निशच्या आधी जोडून घ्यावेत, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर तो गोंद नीट धरत नाही.

रंगासाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिकच निवडावा. आपल्याकडे शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती रंगवणारे कारागीर कॉम्प्रेसरच्या गनने जसा बारीक फवारा मारतात, तसा फवारा इथे ब्रशपेक्षा फार चांगला, कारण त्यात वजन कमी चढते. माझा आग्रह असा की शेपटीला शक्य तितका कमी रंग द्यावा. शेपूट गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट अंतरावर असेल, तर तिथल्या ५ ग्रॅम रंगाचा तोल साधण्यासाठी नाकात १५ ग्रॅम शिसे घालावे लागते, आणि एवढे वजन छोट्या विमानाच्या उड्डाणात लगेच जाणवते. काळा किंवा गडद निळा रंग उन्हात तापून फोम मऊ करतो, म्हणून वरची बाजू फिकट ठेवावी. ओळख पटावी यासाठी गडद पट्टे खालच्या बाजूला द्यावेत. रंग वाळल्यानंतर गुरुत्वमध्य पुन्हा तपासल्याशिवाय विमान मैदानावर नेऊ नये.